शाहपूर, माफ कर

"उत्तर दाखव."

बुरहानपुरात भाड्याची खोली बघायला मी गेले, तेव्हा घरमालक माझ्याशी बोलले ते हे पहिले दोन शब्द. मी बॅग हातात घेऊन दारात उभी. मला वाटलं, आमच्या विमा ऑफिसने त्यांना काही पत्र पाठवलं असेल, त्याचं उत्तर मागतायत. मी पर्स उघडून कागद चाचपायला लागले.

"कागद नको बेटा. उत्तर. उत्तर दिशा. कुठे आहे ती बोटाने दाखव."

मी सांगलीची. वाट चुकले की रिक्षावाल्याला विचारायचं, एवढाच माझा भूगोल. पण बदलीच्या गावी पहिल्याच दिवशी नापास व्हायची हौस नव्हती, म्हणून अंदाजाने बोट केलं.

आतून काकूंचा आवाज आला, "अहो, मोरी दाखवून राहिली ती. द्या तिला खोली. केवढ्या लांबून आली बिचारी."

"मोरी पूर्वेला," ते गंभीरपणे म्हणाले आणि जिन्याच्या पलीकडे हात लांबवला. "हे उत्तर. असीरगढ़. या गावात हरवली, तर किल्ल्याकडे तोंड करून उभी राहायची, मग बाकीचं सगळं आपोआप सापडतं. खोली तुझी. बरोबर उत्तर देणारे भाडेकरू मला चालत नाहीत. त्यांना शिकवायला काही राहतच नाही."

अशी मी मास्साबांची भाडेकरू झाले, आणि पुढची बदली होईपर्यंत त्याच घरात राहिले.

मास्साब म्हणजे मास्टरसाहेब. हिंदी बोलणारे असोत की मराठी, सगळं गाव त्यांना मास्साबच म्हणायचं. त्यांचं खरं नाव फक्त विजेच्या बिलावर होतं, आणि तिथेही चुकीचं छापलेलं. उभा जन्म शाळेत भूगोल शिकवण्यात गेला. शाळेने त्यांना केव्हाच निवृत्त केलं होतं, भूगोलाने अजून केलं नव्हतं. उंच, शिडशिडीत, खिशात होकायंत्र, आणि चष्मा कायम कपाळावर. तो डोळ्यांवर आणणं म्हणजे त्यांना हार खाल्ल्यासारखं वाटायचं. त्या घरात डावं-उजवं असं काही नव्हतंच. मिठाचा डबा पश्चिमेच्या फळीवर, पाण्याचा माठ ईशान्येला. एकदा त्यांनी काकूंना सांगितलं, "सदऱ्याची उत्तरेची बाही उसवली आहे." काकू सुईदोरा घेऊन आल्या आणि म्हणाल्या, "तुम्ही वळले की ती दक्षिणेची होते. एका जागी उभे राहा, तर शिवते."

त्यांच्या शिक्षेची तर गावभर कीर्ती. छडी त्यांनी कधी हातात धरली नाही. नकाशात एखादं गाव कोणी भलत्या जागी भरलं, की त्या मुलाला मैदानात न्यायचं, त्या गावाच्या खऱ्या दिशेला तोंड करून उभं करायचं आणि हात जोडून म्हणायला लावायचं, "नागपूर, माफ कर." "मद्रास, माफ कर." मुलगा पुटपुटला तर मास्साब मागून म्हणायचे, "आवाज त्या गावापर्यंत गेला पाहिजे." त्यांचं म्हणणं असं की गाव म्हणजे माणसं. तुम्ही गाव हलवलं म्हणजे तिथल्या सगळ्यांना अंथरूण-पांघरुणासकट उचलून दुसरीकडे टाकलं, तर निदान माफी तरी मागा.

गावातले अर्धे कर्ते पुरुष कधी ना कधी या शिक्षेतून गेलेले. केळीचे मोठे दलाल गुलाबभाऊ शाळेत असताना भुसावळ गुजरातेत टाकून आले होते. आता त्यांचे ट्रक रोज भुसावळवरून जायचे. ते मला सांगायचे, "मॅडम, आजही भुसावळ आलं की ड्रायव्हरच्या बाजूला बसल्या बसल्या माझे हात जुळतात. तो समजते, इथे काही देव-बिव असेल. आता तोही हात जोडून राहिला."

अशा माणसाच्या आयुष्यात फुलपाखरं शिरली ती काकूंच्या लिंबामुळे. अंगणातल्या लिंबाची पानं हिरव्या अळ्या कुरतडत होत्या. काकूंनी फर्मान काढलं, अळ्या वेचून लांब टाकून या. मास्साब वाटी घेऊन गेले, चष्मा खाली आणला, आणि बराच वेळ परत आलेच नाहीत. शेवटी आम्ही दोघी बघायला गेलो, तर ते लिंबापुढे उकिडवे बसलेले.

"अगं, हिला जरा बोट लावलं तर डोक्यातून दोन नारिंगी शिंगं काढून राहिली! मला भेवडवते! माझ्या सगळ्या वर्गांत एवढी हिंमत कोणात नव्हती."

अळ्यांना अभय मिळालं. त्या वर्षीचं लोणचं बाजारच्या लिंबांचं झालं. पुढे एका कोषातून काळं-पिवळं फुलपाखरू निघालं, काकूंच्या वाळत घातलेल्या साडीवर बसून त्याने पंख सुकवले आणि ते भिंतीवरून पलीकडे गेलं. त्या दिवसापासून मास्साबांना दुसरं काही सुचेना. फुलपाखरं झाली, मग पतंग आले. अंगणातला दिवा ते मुद्दाम चालू ठेवायचे, म्हणजे सकाळी भिंतीवर पतंग चिकटलेले मिळत. काकू झाडू घेऊन उभ्या. "भिंत कधी झाडू?" "वर्ग सुटल्यावर," मास्साब म्हणायचे आणि एकेका पतंगासमोर उभे राहून त्याची चौकशी करायचे.

स्मार्टफोन तेव्हा नुकते हातोहाती येत होते. एका संध्याकाळी मीच त्यांना माझ्या फोनवर ती वेबसाइट दाखवली. देशभरातले लोक तिथे फुलपाखरांचे, पतंगांचे फोटो टाकायचे, कुठे दिसलं ते लिहायचे. जाणकार मंडळी फोटो बघून नाव पक्कं करायची, आणि मग देशाच्या नकाशावर त्या जागी एक लाल ठिपका उमटायचा. सगळ्या देशाने मिळून भरायचा नकाशा! मास्साब खुर्चीच्या टोकावर आले. त्यांना आपल्या शाळेला पुन्हा घंटा झाल्यासारखं वाटलं असावं.

"बुरहानपूर दाखव," ते म्हणाले.

मी नकाशा मोठा केला. खालून जळगावकडून ठिपके येत होते ते रावेरपाशी थांबत होते. वरून सातपुड्यातून उतरत होते ते खंडव्याच्या आसपास विरत होते. मधे तापीची निळी रेघ, आणि तिच्या काठाला सगळं कोरं. एक ठिपका नाही.

काकूंनी वाढलेलं वरण निवून गेलं. मास्साबांचा जन्म जुने प्रांत मोडून नवी राज्यं जुळवायच्या वर्षांतला, आणि त्या जुळवाजुळवीत आपलं गाव कुणाच्याच नीट हाती लागलं नाही, ही त्यांची जुनी सल. ती आता वर आली.

"महाराष्ट्रवाले आपल्याला एमपीवाले म्हणतात. एमपीवाले म्हणतात, तुम्ही तर मराठी. तिकडचे लोक पाहत पाहत रावेरपर्यंत येतात, सरहद्द लागली की वापस. इकडचे पचमढीहून खाली उतरतच नाहीत. तर फुलपाखरू काय रावेर स्टेशनवर उतरून जाते? बुरहानपूर आलं की उडणं बंद करते? बेटा, जिंदगीभर मी पोरांकडून नकाशे भरून घेतले, आणि माझंच गाव कोरं!"

आणि त्यांनी तिथेच जाहीर केलं, की बुरहानपूरच्या मुलखावर एक ठिपका उमटेपर्यंत आपण दराब्याला हात लावणार नाही. दराबा म्हणजे बुरहानपूरची रवा-तुपाची मिठाई, आणि मास्साबांचा जीव की प्राण. काकू कपाळावर हात मारून म्हणाल्या, "डॉक्टर इतक्या दिवसांपासून हेच सांगून राहिले, त्यांचं ऐकलं नाही. फुलपाखराचं लगेच ऐकलं."

आता कोणालाही वाटेल, की अंगणातल्या लिंबावरच्या अळीचा फोटो काढला असता तर दुसऱ्याच दिवशी ठिपका. मलाही तसंच वाटलं. मी फोटो काढून आणलाही. मास्साबांनी माझ्याकडे असं पाहिलं की जणू मी परत मोरीच दाखवली.

"बादशहांचं गाव हे. याचा पहिला ठिपका लोणच्याच्या लिंबावरच्या अळीने लागणार? बिल्कुल नाही. पहिला मान राजाचा."

राजा म्हणजे ब्लॅक राजा. त्या वेबसाइटवर त्यांनी त्याचा फोटो पाहिला होता. काळसर पंख, मधून फिकट पट्टा, मागे टोकदार शेपट्या, आणि उडणं असं की दिसला म्हणेपर्यंत गेला. त्याच्या अळ्या चिंचेवर वाढतात, आणि चिंचा आमच्याकडे पोत्याने. तेव्हा राजा इथे असणारच, हा मास्साबांचा सिद्धांत. बाकी सगळी फुलपाखरं माझ्या फोनमध्ये रांगेत उभी राहिली. राजा आल्याशिवाय कोणी पंगतीला बसायचं नाही.

मग आमचे रविवार सुरू झाले. मास्साब स्कूटरवर पुढे, मी मागे, माझ्या मांडीवर काकूंनी दिलेला पोळीचा डबा. जवळच्या जसोंडी गावाच्या शेतरस्त्यावर आम्ही एक वाट ठरवली होती, एका विहिरीपासून दुसऱ्या विहिरीपर्यंत. सावकाश चालायचं, दोन्ही बाजूंना दिसेल ते लिहायचं, मागे वळून पुन्हा मोजायचं नाही. ही पद्धत सगळीकडचीच. मास्साबांनी तिच्यात भर घातली ती हजेरीची.

"प्लेन टायगर?" ते रुईच्या झुडपाकडे बघून खणखणीत आवाजात विचारायचे. झुडपातून नारिंगी पंख वर उडाले की स्वतःच आवाज बारीक करून उत्तर द्यायचे, "हजर, मास्साब."

"कॉमन रोझ?" थांबायचे. इकडे तिकडे बघायचे. "कॉमन रोझ गैरहजर. उद्या पालकांना घेऊन यायचं."

केळीत काम करणाऱ्या बाया हात थांबवून बघायच्या. मला पहिल्या-पहिल्यांदा मेल्याहून मेल्यासारखं व्हायचं. नंतर नंतर मी ऑफिसातही फाइल सापडली की मनात हजर म्हणायला लागले. घरी आल्यावर मास्साब काकूंना विचारायचे, "तुम्ही पण या ना एकदा हजेरीला." काकूंचं उत्तर ठरलेलं. "तुमची हजेरी तुम्हाला लखलाभ. मी कोणाची विद्यार्थिनी नाही."

राजाच्या शोधात आम्ही एकदा असीरगढ़लाही गेलो. पायथ्याशी चौकीदाराने अडवलं, कुठे निघालात विचारलं. फुलपाखरांबरोबर चार पतंगही बघावेत असा मास्साबांचा बेत होता. घाईत त्यांनी हिंदी वाक्यात मराठी शब्द घातला, "पतंग देखने आए हैं।"

चौकीदाराने मान हलवली. "किले पे पतंग उड़ाना मना है मास्साब।"

"हम नहीं उड़ाते। वो खुद उड़ते हैं।"

चौकीदाराने मास्साबांच्या पिशवीत हात घातला आणि मांजाची फिरकी शोधली. निघाली पोळी आणि भिंग. "डोर कहाँ है?" "डोर ऊपरवाले के हाथ में है," मास्साब शांतपणे म्हणाले. तो इतका गोंधळला की त्याने आम्हाला सोडलं, पण वर जाईपर्यंत आमच्या मागे मागे येऊन आकाशाकडे बघत होता. राजा तिथेही नव्हता.

शेवटी वेबसाइटवरच वाचलं, की हा प्राणी फुलांवर सहसा बसत नाही. त्याला कुजकं फळ लागतं, आंबलेलं काही लागतं, प्रसंगी शेणही चालतं. पिकून सडलेलं केळं ठेवा, असा सल्ला होता. मास्साब खूश. केळं आणि बुरहानपूर! बुरहानपूरच्या दक्षिणेला शाहपूर नावाचं गाव, त्याच्याजवळ गुलाबभाऊंच्या मळ्याच्या बांधावर एक मोठी चिंच होती. तिच्या बुंध्याशी आम्ही सडकी केळी मांडली आणि बसून राहिलो. माशा आल्या, मुंगळे आले, एक बकरी आली आणि सगळं खाऊन गेली. पुढच्या रविवारी पुन्हा. त्याच्या पुढच्या रविवारी पुन्हा. मास्साबांचं वजन कमी झालं, ते दराब्यामुळे की राजामुळे, सांगता येत नव्हतं.

काकूंनी भाकरी थापता थापता निकाल दिला. "शाहपुरात जिकडे पाहा तिकडे केळी. मळ्यात सडलेली, रस्त्यात सडलेली. तिथे तुमचं एक केळं कोण खाणार? पाहुण्याला त्याच्या घरी मिळत नाही ते वाढायचं असते, एवढंही नाही समजत?"

मास्साब ताटावरून उठले आणि तसेच हलवायाकडे गेले. मी मागे धावले.

"बासी मावा जलेबी है क्या?" मास्साबांनी विचारलं.

हलवाई दुखावला. "मास्साब, आपको बासी दूँगा? गरम उतर रही है।"

"गरम नहीं चाहिए। दो-तीन दिन की, खट्टी।"

"खाएगा कौन?"

"राजा।"

हलवायाने माझ्याकडे पाहिलं. मी मान डोलावली. त्याने पुडा बांधून दिला.

बुरहानपूरची मावा जलेबी ज्याने पाहिली नाही त्याला सांगायला हवं. ती पिवळी, कुरकुरीत, नाजूक नसते. खव्याची असते, जाड, काळपट तांबूस, पाकाने जड झालेली. तशी एक आंबूस जलेबी चिंचेखाली ठेवून आम्ही बांधावर बसलो. ऊन चढलं. मास्साब होकायंत्राशी चाळा करत होते. आणि वरून काहीतरी फटकन खाली आलं, एक फेरी मारली, आणि जलेबीवर बसलं. काळसर पंख. फिकट पट्टा. शेपट्या.

मास्साबांनी माझा दंड इतका घट्ट धरला की बोटांचे वळ उठले. हजेरी पुकारायचंही ते विसरले. मी गुडघ्यांवर सरकत फोन जवळ नेला, अजून जवळ नेला, पार नाकाशी नेला. एरवी माझ्या फोटोत नुसतं पान यायचं. हा राजा जागचा हलला नाही. जलेबी चीजच तशी आहे. त्या दिवशी मी जन्मात पहिल्यांदा एका फुलपाखराची सोंड आत-बाहेर होताना पाहिली, आणि मला इतका आनंद झाला की परत येताना स्कूटरवर मी मोठ्याने गाणी म्हटली.

"नोंद मी भरणार," घरी आल्यावर मास्साबांनी फोन काढून घेतला. मी म्हटलं, ठिकाणाचं बटण दाबा, फोन आपोआप जागा घेतो. ते बॅटरी खातं म्हणून मास्साबांनीच माझ्याकडून बंद करवलं होतं, आणि आता त्यांचा स्वाभिमानही जागा झाला. "मी कुठे होतो ते मला फोन सांगणार? मला?" त्यांनी एका बोटाने इंग्रजीत शाहपूर टाइप केलं, खाली मराठीत नावांची यादी आली, त्यातलं एक दाबलं, आणि आरती झाल्यासारखा फोन माझ्या हातात दिला. चष्मा कपाळावर होता.

काही दिवसांनी वेबसाइटवर बंगलोरच्या एका तपासनीस बाईंची खूण आली, नाव बरोबर, ब्लॅक राजा. मास्साबांनी गल्लीत वर्दी दिली. रविवारी सकाळी गच्चीवर हीऽ गर्दी. गुलाबभाऊ, हलवाई, जुने विद्यार्थी, त्यांच्या बायका. काकूंनी परातभर दराबा केला होता. मास्साब मधोमध उभे. मी सगळ्यांसमोर नकाशा उघडला आणि बुरहानपूरवर आणला.

कोरं.

मी बोटाने नकाशा वर सरकवला, खाली सरकवला. तापी तीच, कोरेपण तेच. मग नोंद उघडली आणि ठिकाण वाचलं. "शहापूर. ठाणे जिल्हा."

"आमचा राजा पळवला!" मास्साब गरजले. "मुंबईवाल्यांनी पळवला! मी तर शाहपूर लिहिलं होतं!"

त्यांनी फोन हिसकावला आणि चष्मा खाली ओढला. यादी पुन्हा उघडली. वर शहापूर, त्याच्या खाली शाहपूर. कानाही दोन्हीत एकच, फक्त त्याची जागा वेगळी. 'ह'ला लागला की ठाणे जिल्हा, 'श'ला लागला की आपण. मास्साबांनी ते दोनदा वाचलं. ज्या माणसाने उभ्या गावाकडून नकाशे भरून घेतले, त्याने आपलं शाहपूर चिंचेसकट, मळ्यासकट, गुलाबभाऊंसकट उचलून समुद्राजवळ नेऊन ठेवलं होतं.

मास्साबांनी फोन परातीशेजारी ठेवला, चालत दक्षिणेच्या कठड्याशी गेले, सदरा नीट केला आणि शाहपूरच्या दिशेला तोंड करून हात जोडले.

"शाहपूर, माफ कर."

आवाज जेमतेम कठड्यापर्यंत गेला. मागून गुलाबभाऊंचा घसा खाकरल्याचा आवाज आला, आणि भीत भीत, पण अगदी स्पष्ट ते म्हणाले, "मास्साब, आवाज त्या गावापर्यंत गेला पाहिजे."

एक क्षण मला वाटलं, आता गुलाबभाऊंना कठड्यावरून खाली टाकतात. मास्साब वळले. त्यांचे खांदे हलायला लागले. आधी वाटलं रडतायत, मग कळलं की हसतायत. ते पुन्हा दक्षिणेला वळले, छाती भरून श्वास घेतला आणि असे ओरडले की खालच्या रस्त्यावरची सायकल थांबली, "शाहपूर! माफ कर!" मग जे हसू उसळलं ते आवरेना. हलवाई खाली बसून हसला. सगळ्यांनी दराबा खाल्ला, मास्साब सोडून. त्यांचा वाटा काकूंनी झाकून ठेवला.

ठिकाण दुरुस्त करायचं तर आता तपासनीस बाईंची संमती लागत होती. मी त्यांना लिहिलं. उत्तर आलं, सभ्य आणि पक्कं. जागा बदलायची तर काही खूण हवी, कारण राजा ठाण्याकडेही असतो, चिंचाही असतात. फोटोत तर नुसतं फुलपाखरू आणि ते ज्यावर बसलंय तो शेणाचा पो दिसतोय.

हे वाचून दाखवायला मी घाबरत होते. पण वाचलं.

"शेण?" मास्साब म्हणाले. ते खोलीच्या पूर्वेच्या भिंतीपासून पश्चिमेच्या भिंतीपर्यंत गेले आणि परत आले. "बुरहानपूरच्या मावा जलेबीला शेण म्हणून राहिली ही बाई?"

बातमी हलवायापर्यंत पोचली. तो हातातलं काम टाकून घरी आला. रागावला नव्हता, त्याला त्या बाईंची कीव आली होती. "मास्साब, बहस मत करो। खिला दो।"

बाईंना पत्ता विचारला, त्यांनी बिचारीने दिला. पत्र्याच्या डब्यात ताज्या जलेब्या भरल्या, झाकण चिकटवलं, आणि वर मास्साबांनी आपल्या वळणदार अक्षरात लिहिलं, 'पुरावा'.

उत्तर यायला बरेच दिवस लागले. मास्साब रोज ऑफिसच्या दारात मला गाठून विचारायचे. आणि मग एकदा आलं, तेही चक्क मराठीत. "हे शेण नाही, मान्य. माझं माहेर ठाणे जिल्ह्यातलं, शहापूरच्या जवळचंच. तिथे अशी जलेबी मी जन्मात पाहिली नाही. त्यामुळे हा राजा तिथला नव्हे. नकाशावर खूण तुमच्याच हाताने योग्य जागी ठेवा, मी पक्कं करते. ता. क. डबा रिकामा झाला आहे."

आज त्या नकाशावर बुरहानपूरच्या आसपास इतके ठिपके आहेत की गावाचं नाव वाचायला नकाशा मोठा करावा लागतो. गुलाबभाऊंचे ड्रायव्हरसुद्धा ट्रक थांबवून फोटो काढतात. राजाच्या त्या पहिल्या नोंदीत 'कशावर बसलेलं' या रकान्यात अजून मावा जलेबीच लिहिलेली आहे. मास्साब आता नाहीत. मी दुसऱ्या गावात राहते, आणि कुठल्याही नव्या घरात शिरले की आधी उत्तर शोधते.

पण मला सारखी आठवते ती बाईंचं पत्र आलं त्या दिवशीची दुपार. मास्साबांनी कोणी न सांगता चष्मा डोळ्यांवर घेतला. ठिकाणाचं बटण आपणहून मला दाखवायला सांगितलं. मग शाहपूर शोधलं, रस्ता शोधला, मळा शोधला, बांध शोधला, आणि चिंचेच्या डोक्यावर खूण अशी अलगद ठेवली की खालचा राजा उडू नये. आम्ही वाट बघत बसलो. चहा झाला. मी पुन्हा नकाशा उघडला.

तापीची निळी रेघ. आणि तिच्या काठाजवळ, सगळ्या कोऱ्यात, एक लाल ठिपका.

मास्साबांनी त्यावर बोट ठेवलं. बोट उचललं. ठिपका होता. पुन्हा झाकला, पुन्हा उचललं. तिथेच होता. मग ते ताठ बसले आणि वर्गात पुकारायचे तशा आवाजात त्यांनी नाव घेतलं.

"बुरहानपूर?"

उत्तर नेहमी ते स्वतःच द्यायचे, आवाज बारीक करून. त्या दिवशी त्यांना ते जमेना. ओठ नुसतेच हलले. मी बोलावं की नाही या विचारात होते. तेवढ्यात स्वयंपाकघराच्या दारात काकू आल्या. एक हात पदराला पुसत होत्या, दुसऱ्या हातात झाकून ठेवलेली दराब्याची वाटी होती.

"हजर, मास्साब," काकू म्हणाल्या.